पुढचे प्रकरण दिवसा वाचावे

माझ्या वडिलांची पुण्यात, पेठेमध्ये, एक लहानशी सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. दहा बाय बाराची खोली, तीन भिंतींना छतापर्यंत गेलेली कपाटे, दारात आडवे टाकलेले टेबल आणि टेबलावर वर्गणीचे रजिस्टर व तारखेचा शिक्का, एवढाच पसारा. शाळा सुटली की मी त्या टेबलामागे जाऊन बसत असे. त्यामुळे कोणते पुस्तक चांगले आणि कोणते सुमार हे कळण्याच्या कितीतरी आधी, कोणते पुस्तक किती दिवसांनी परत येते हे मला कळू लागले होते. कौटुंबिक कादंबरी आठ-दहा दिवस घरी राही. ऐतिहासिक कादंबरी पंधरवडा घेई आणि बहुधा दंड भरूनच परत येई. भयकथांचे पुस्तक मात्र दुसऱ्या दिवशी टेबलावर हजर असे. वडील म्हणत, "भुताचं पुस्तक घरात मुक्काम करत नाही."

आमच्या सभासदांत एक काकू होत्या. त्या सकाळी दहाच्या सुमारास पुस्तक नेत आणि दिवेलागणीच्या आत परत आणून देत, वाचून झालेले नसले तरीही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच पुस्तक. वडील त्या पुस्तकाची नोंद दरवेळी नव्याने करत नसत, एकाच नोंदीवर त्यांचे चार-चार दिवस चालत. मी एकदा आगाऊपणे त्यांना कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "वाचायला काही वाटत नाही रे. ते रात्री कपाटात असतं ना, त्याचं वाटतं."

या पुस्तकांची बाइंडिंगेही सगळ्यांत आधी खिळखिळी होत. रविवारी दुपारी लायब्ररी बंद असताना वडील खळ शिजवून घेत आणि दाभण, मेण लावलेला दोरा व खाकी पुठ्ठे घेऊन बसत. सुटलेले फर्मे पुन्हा शिवणे हे त्यांचे काम आणि वाचकांनी पेन्सिलीने केलेली टिपणे खोडरबराने पुसणे हे माझे. भयकथेचे पुस्तक उताणे ठेवले की पुष्कळदा ते आपोआप ठरावीक पानावर उघडे आणि त्या पानाच्या दोन्ही कडांना अंगठ्यांचे काळपट डाग असत. त्या पानावर काय आहे हे न वाचताही समजे, कारण तिथे कितीतरी माणसांनी पुस्तक नेहमीपेक्षा घट्ट धरलेले होते.

या सगळ्याची आठवण निघाली ती माझ्या भाचीमुळे. ती पंधरा वर्षांची आहे, रात्री उशीखाली मोबाइल ठेवून भुताखेतांच्या मालिका पाहते आणि सकाळी डोळे चोळत शाळेला जाते. परवा तिने माझ्याकडच्या उरलेल्या कपाटातले भयकथाकार नारायण धारपांचे एक पुस्तक हातात घेतले, मागचे-पुढचे पाहिले आणि विचारले, "मामा, असलं लिहिणारी माणसं डोक्यानं बरी असतात का रे?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा होता, पण मला तो नेता आला नाही. माणसे भीतीकडे का ओढली जातात या प्रश्नाचा अर्धा भाग त्यात आहे, असे मला दोन-तीन दिवस विचार केल्यावर वाटू लागले. आपण भीतीकडे जातो तेव्हा खरे तर कोणाकडे जातो?

ही माणसे डोक्याने अगदी बरी असतात, किंबहुना इतकी बरी की आपली थोडी निराशा व्हावी. रत्नाकर मतकरींचे उदाहरण घ्यावे. ज्यांच्या गूढकथा वाचून आमच्या पिढीने रात्री न्हाणीघरात जायचे टाळले, त्याच मतकरींनी आयुष्यातली कितीतरी वर्षे मुलांसाठी नाटके करण्यात घालवली. 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण त्यांचीच. ती चेटकीण रंगवली दिलीप प्रभावळकरांनी आणि पुढे 1993 साली 'झपाटलेला'मधला तात्या विंचूही त्यांनीच रंगवला. हेच गृहस्थ एरवी दूरचित्रवाणी मालिकेतले प्रेमळ आजोबा होतात आणि हिंदी पडद्यावर गांधीजीही. तात्या विंचूचा बाहुला घडवला तो शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी, ज्यांच्या घरी वडिलांपासून चालत आलेला अर्धवटराव हा बोलका बाहुला होता. म्हणजे ज्या हातांनी महाराष्ट्राच्या पोरांना खदखदून हसवले, त्याच हातांनी त्यांची झोप उडवली. यात मला विसंगती दिसत नाही. हसवणारा आणि घाबरवणारा या दोघांनाही समोरच्या माणसाचा श्वास कुठे अडकतो आणि कुठे सुटतो याचा नेमका अंदाज असावा लागतो. जो बेभान आहे त्याला हा अंदाज येत नाही.

मला हे पहिल्यांदा दाखवले ते आजीने, अर्थात काही न सांगता. आजी कोकणातली, राजापूरजवळच्या एका खेड्यातली. लग्न होऊन पुण्यात आली तरी तिची भुते तिकडचीच राहिली. पिंपळावरचा मुंजा, उलट्या पावलांची हडळ, ओढ्याच्या डोहातला गिऱ्हा आणि माणसाला एकाच जागी रात्रभर फिरवत ठेवणारा चकवा, यांची ती जवळच्या नातेवाइकांची करावी तशी चौकशी करी. संध्याकाळी वीज गेली की आम्ही भावंडे तिच्याभोवती जमत असू. मी सगळ्यांत धाकटा, म्हणून तिच्या मांडीला टेकून बसे आणि ती बोलताना एक तळवा माझ्या पाठीवर ठेवी. तिची एक गोष्ट होती: एक वाटसरू अमावास्येच्या रात्री घाटातून एकटा चालला आहे आणि मागून कोणीतरी त्याच्याच चालीने चालते आहे. ही गोष्ट मी निदान वीस वेळा ऐकली असेन आणि ती कधीच सारखी नव्हती. कधी वाटसरूला वळणावर बैलगाडी भेटे, गाडीखाली कंदील हलत असे आणि गाडीवान त्याला तंबाखू विचारी. कधी गाडी दिसे, पण कंदील विझलेला असे. आणि एकदा, फक्त एकदा, गाडीला बैलच नव्हते.

पुष्कळ वर्षांनी माझ्या लक्षात आले की पाठीवरच्या तळव्याला माझ्या छातीची धडधड लागत असणार. धडधड फार वाढली की आजी कंदील लावी आणि मी निवांत होऊ लागलो की फुंकर मारून विझवी. गोष्ट तिच्या डोक्यात ठरलेली नव्हती, ती माझ्या पाठीवरून वाचून पुढे सांगत होती.

माझ्या मते भयकथेची सगळी ओढ त्या तळव्यात आहे. घाबरायला कोणालाच आवडत नाही. आपल्याला आवडते ते कोणीतरी मोजून मापून घाबरवणे. अंधारात नेणाऱ्याला अंधाराची वाट माहीत आहे आणि तो आपल्याला तिथे सोडून जाणार नाही, हा भरवसा असला की मगच अंधाराची गोडी लागते.

हा भरवसा नसला म्हणजे काय होते, तेही मी लहानपणीच पाहिले आहे. 1976 सालचा तो हिवाळा पुण्यातली माझ्या वयाची माणसे विसरलेली नाहीत. ऑक्टोबरच्या अखेरीस जोशी कुटुंबातली माणसे मारली गेली आणि 1 डिसेंबरच्या रात्री भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात अभ्यंकर कुटुंबातली व घरातली मिळून पाच माणसे मारली गेली. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात एकूण दहा खून झाले. मारेकरी शहरात मोकळे होते, ते कोण आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते आणि दाराची कडी वाजवून घरात शिरणारे लोक कोणासारखेही दिसू शकत होते. सहा वाजता रस्ते ओस पडत. आमच्या वाड्याचा दिंडी दरवाजा, जो एरवी रात्री दहापर्यंत सताड उघडा असे, तो उजेड असतानाच बंद होऊ लागला आणि आत यायचे तर आधी नाव सांगावे लागे. ओळखीच्या आवाजालाही लोक दोनदा विचारत. आई स्वयंपाकघरातून ओट्यावरची सुरी उचलून आत ठेवी, का ते तिलाही सांगता आले नसते.

त्या तीन-चार महिन्यांत लायब्ररीतले भयकथांचे कपाट जवळजवळ कोणी उघडले नाही. सभासद दुपारी येत, विनोदी पुस्तके किंवा प्रवासवर्णने घेत आणि ऊन आहे तोवर घरी जात. वडिलांनी हे आईला जेवताना सांगितलेले मला आठवते. पुढे मार्चमध्ये चार तरुण पकडले गेले, खटला चालला आणि 1983 साली येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. पण त्याआधीच, अटकेची बातमी येऊन आठवडा झाला असेल नसेल, सकाळी दहा वाजता त्या काकू टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या, कपाटाकडे बोट केले आणि म्हणाल्या, "आता द्या."

त्या 'आता'वर मी खूप विचार केला आहे. दारामागे खरा मारेकरी असण्याची शक्यता संपल्यावरच त्यांना पुस्तकातली हडळ पुन्हा परवडू लागली. भयकथा वाचणाऱ्यांना हिंसेची चटक असते, अशी टीका नेहमी होते. काकूंना चटक असती तर त्या हिवाळ्यात त्यांना पुस्तकाची गरजच पडली नसती, वर्तमानपत्र पुरे होते. ते मारेकरी व्यावसायिक चित्रकलेचे विद्यार्थी होते ही गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी कळली आणि भाचीने विचारलेल्या प्रश्नाचा हा सर्वांत बोचणारा भाग आहे, हे मी नाकारत नाही. रंग, रेषा, प्रमाण यांचे शिक्षण त्यांनाही मिळत होते. त्यांनी शहरभर भीती निर्माण केली हेही खरे. फक्त त्या भीतीत कोणाच्याही पाठीवर हात नव्हता.

आपल्याकडच्या जुन्या विचारवंतांनी हा भेद नेमका पकडलेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात जे आठ रस सांगितले आहेत त्यांत भयानक आणि बीभत्स हे दोन आहेत, म्हणजे शृंगार आणि वीर यांच्याच पंगतीला भीती आणि किळस यांचीही पाने मांडलेली आहेत. भयानकाचा रंग काळा आणि देवता काल. पुढे सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरात अभिनवगुप्ताने या ग्रंथावर टीका लिहिताना रसाचा अनुभव समजावण्यासाठी जो श्लोक निवडला, तो शाकुंतलाच्या पहिल्या अंकातला, दुष्यंताच्या रथापुढे जीव घेऊन पळणाऱ्या हरणाचा आहे. ते हरिण मान वळवून पुन्हा पुन्हा मागे पाहते आहे, बाण लागेल म्हणून त्याने मागचे अंग पुढच्या अंगात ओढून घेतले आहे, धापेने उघडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेले दर्भ वाटेवर पडत आहेत आणि उड्या एवढ्या उंच की ते जमिनीपेक्षा आकाशातच अधिक आहे. अभिनवगुप्त म्हणतो त्याचा आशय असा की हे वाचताना ते हरिण कोणते एक हरिण राहत नाही आणि भीतीही 'मी घाबरलो', 'शत्रू घाबरला', 'मित्र घाबरला' अशी कोणाच्या नावावर राहत नाही. स्थळ आणि काळ गळून पडतात आणि नुसते भय उरते. ज्या भीतीला मालक असतो तिच्यात पळून जाण्याचा, लपण्याचा विचार लगेच घुसतो, म्हणून तिचा आस्वाद घेता येत नाही. जिला मालक नसतो ती चाखता येते.

एवढ्या थोर माणसापुढे माझी भर कसली, पण लायब्ररीच्या टेबलामागे बसलेल्या मुलाला त्या श्लोकात आणखी एक गोष्ट दिसते. ते अर्धवट चावलेले दर्भ. हरिण पळते हे कोणीही लिहील. पळण्याआधी ते शांतपणे चरत होते, तोंडातला घास गिळायलाही त्याला सवड मिळाली नाही, हे ज्याला दिसले त्याला हरणाविषयी माया आहे. चांगल्या भयकथाकाराची ओळख मला नेहमी अशा दर्भांवरून पटते. भूत कसे दिसते याचे वर्णन तो करतो न करतो. भूत येण्याआधी घरात चहाचे आधण चढले होते आणि नंतर ते आटून भांडे करपले, हे मात्र तो विसरत नाही.

शास्त्रज्ञांनीही अलीकडे या विषयात हात घातला आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, पैसे मोजून भुताच्या घरात शिरणाऱ्या 110 जणांच्या हृदयाचे ठोके नोंदवले. फार कमी घाबरलेल्यांना मजा आली नाही, फार जास्त घाबरलेल्यांनाही आली नाही, मधल्यांना सर्वाधिक आली. वाचून मला आजी आणि तिचा कंदील आठवला. करोनाच्या पहिल्या लाटेत भयपटांचे शौकीन इतरांपेक्षा मनाने कमी खचलेले आढळले, असाही एक अभ्यास निघाला. त्यावर माझा निम्माच विश्वास बसला, कारण मुळात खंबीर असलेली माणसेच भयपट पाहत असतील हीही शक्यता उरतेच. असो.

आमच्या शहराचे या बाबतीत एक वैशिष्ट्य आहे. पुण्याच्या हद्दीतली सर्वांत उंच जागा वेताळाच्या मालकीची आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीच्या वेताळ टेकडीवर, अगदी माथ्याला, त्याचे देऊळ आहे. भुतांच्या या राजाला पहाटे सहा वाजता बूट काढून नमस्कार करणारी, मग खाणीच्या बाजूने एक फेरी मारून मोर दिसला की फोटो काढणारी आणि खाली उतरून पोहे खाणारी शेकडो माणसे या शहरात आहेत. मीही त्यांतला एक. ज्याच्या नावाने पोरांना भीती घालायची तोच गावाचा राखणदार, ही आपल्याकडची जुनीच व्यवस्था आहे आणि तिच्यात मला या सगळ्या विषयाचे मूळ दिसते.

वेताळपंचविशीची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते, पण तिची चौकट किती विलक्षण आहे इकडे आपले लक्ष जात नाही. एका भिक्षूने सांगितले म्हणून राजा रात्री स्मशानात जातो, झाडावर लोंबणारे प्रेत खांद्यावर टाकतो आणि चालू लागतो. त्या प्रेतात वेताळ आहे. तो राजाचा गळा दाबत नाही, वाट सरावी म्हणून गोष्ट सांगतो. गोष्टीच्या शेवटी कोडे घालतो, राजाने उत्तर दिले की पुन्हा झाडावर जाऊन लटकतो, राजा पुन्हा मागे जातो. असे पुन्हा पुन्हा होते. अखेरच्या कोड्याला राजाकडे उत्तर नसते, तो गप्प राहतो आणि मग वेताळ प्रसन्न होऊन त्याला सांगून टाकतो की ज्याच्यासाठी तू मला वाहून नेतो आहेस तो भिक्षू तुझाच बळी देणार आहे, सावध राहा. राजा वाचतो तो वेताळामुळे. खरा घातकी निघतो तो शांत चेहऱ्याचा, रोज दरबारात येऊन फळ देणारा भिक्षू. खांद्यावरचे भूत मात्र गोष्टी सांगत सांगत राजाला पारखून घेते आणि वाचवते. भयकथा सांगणाऱ्याचे यापेक्षा चांगले चित्र मला माहीत नाही.

शनिवारवाड्याची कथाही इथे आठवणे अपरिहार्य आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी, ऐन गणेशोत्सवात, अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा तिथे गारद्यांनी खून केला आणि 'काका, मला वाचवा' ही आरोळी अजून ऐकू येते असे सांगतात. आख्यायिकेप्रमाणे 'धरावे'चे 'मारावे' झाले ते कोणीतरी 'ध'चा 'मा' केल्यामुळे. आमच्या गावाची सर्वांत गाजलेली भयकथा एका अक्षराच्या खाडाखोडीवर उभी आहे, ही गोष्ट पुणेकरांच्या शुद्धलेखनाच्या अभिमानाला साजेशीच म्हणायची.

आता धारपांविषयी. नारायण धारपांची पुस्तके हे आमच्या लायब्ररीचे भाकरीचे पीठ होते. त्यांच्याविषयी दोन आक्षेप मी वर्षानुवर्षे ऐकत आलो. एक, त्यांनी परदेशी कथाबीजे घेतली. दुसरा, त्यांच्या समर्थकथांत शेवटी समर्थ हा नायक येऊन सगळे ठीक करतो, मग भीती कसली? पहिला आक्षेप खरा आहे. 'लुचाई'चे मूळ स्टीफन किंग यांच्या कादंबरीत आहे हे जाणकारांना ठाऊकच आहे. पण उसनी आणलेली भीती मराठी घरात रुजवणे हे सोपे काम नव्हते. माजघर, जिन्याखालची अडगळ, परसातली विहीर, बंद असलेली माडी, यांतून ते अशी काही हवा उभी करत की तिकडचे भूत इकडच्याच मातीत पुरलेले वाटे. दुसऱ्या आक्षेपाला मात्र मी आक्षेपच मानत नाही. समर्थ म्हणजे आजीचा तळवा. ते येणार हे माहीत असल्यामुळेच ते येईपर्यंतची पाने वाचण्याचे धैर्य काकूंना होत होते.

मतकरींकडे ही सोय नाही. त्यांच्या कथेत भीती बाहेरून घरात शिरत नाही, ती घरातच, बहुधा एखाद्या सभ्य, नीटनेटक्या माणसाच्या मनात आधीपासून बसलेली असते. ते आपल्याला अंधारातून आणतात खरे, पण दारापर्यंत पोहोचवत नाहीत. गल्लीच्या तोंडाशी सोडतात आणि 'पुढचं घर तुमचंच ना?' असे विचारून निघून जातात. 17 मे 2020 रोजी, करोनाने, ते गेले, तेव्हा आम्ही सगळेच दारे लावून घरात बसलो होतो. मला स्वतःला मतकरी अधिक आवडतात, आणि खरोखर घाबरलेलो असताना धारप.

धारपांच्या 'आजी' या कथेवरून दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना 'तुंबाड' हा चित्रपट सुचला आणि त्या कथेचे मूळ पुन्हा किंग यांच्याच एका कथेत आहे. अमेरिकेतून निघालेली आजी पुण्यातल्या लेखकाच्या हातून मराठी झाली आणि शेवटी सासवडच्या पुरंदरे वाड्यात चित्रित होऊन हिंदी पडद्यावर गेली. 2018 साली हा चित्रपट आला तेव्हा चित्रपटगृहे फार भरली नाहीत. 2024 च्या सप्टेंबरमध्ये तो पुन्हा लावला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. त्या वेळी मी तो पाहायला गेलो होतो. माझ्या आजूबाजूची बहुतेक मुले तो आधी मोबाइलवर पाहून आलेली होती. कुठे काय होणार हे त्यांना तोंडपाठ होते, इतके की माझ्या शेजारचा मुलगा प्रसंग यायच्या आधीच मैत्रिणीला "आता, आता" म्हणत होता. तरीही तो प्रसंग आला तेव्हा दोघेही खुर्चीत मागे सरकले आणि मग सगळे चित्रपटगृह एकदम हसले. भीती ही अनपेक्षित गोष्टीची असते, असे जे म्हणतात ते निदान इथे तरी खरे नाही. ही माणसे ठाऊक असलेल्या भीतीकडे तिकीट काढून परत आली होती, जसा मी त्याच घाटातल्या त्याच वाटसरूकडे वीस वेळा गेलो.

म्हणूनच हल्लीच्या पुष्कळशा भयपटांचा मला राग येतो. दोन मिनिटे शांतता ठेवून मग कानठळ्या बसवणारा आवाज करायचा, ही कला नव्हे. झोपलेल्याच्या कानाशी फुगा फोडून कोणालाही दचकवता येते. रक्तामांसाच्या राड्याचेही तेच. भरताने बीभत्सातून भयानकाची उत्पत्ती होते असे म्हटले आहे, पण ते 'उत्पत्ती' आहे, मुक्काम नव्हे. पहिल्या पायरीवरच बसकण मारणाऱ्यांना जिना चढल्याचे समाधान कसे मिळते, हे मला समजत नाही.

भाचीला हे सगळे मी सांगितले नाही. मी तिला एवढेच म्हणालो की ही माणसे डोक्याने बरी असतात, तू वाचून बघ. आमची लायब्ररी बंद होऊन आता बरीच वर्षे झाली. वडील गेल्यावर बहुतेक पुस्तके आम्ही वाटून टाकली, एक कपाट तेवढे माझ्याकडे राहिले. तिने निवडलेल्या पुस्तकात नवव्या प्रकरणाच्या अखेरीस, छापील मजकुराखालच्या मोकळ्या जागेत, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेले आहे: 'पुढचे प्रकरण दिवसा वाचावे.' त्याच्या खाली दुसऱ्या, तिरक्या अक्षरात: 'सूचनेबद्दल आभारी आहे. रात्रीच वाचले. चूक झाली.' आणि त्याच्याही खाली बॉलपेनने, मोठ्या ठसठशीत अक्षरात: 'घाबरू नये. शेवट चांगला आहे.' एका रविवारी हे पान माझ्यासमोर आले, तेव्हा मी सवयीने खोडरबर उचलला होता. वडिलांनी दाभण बाजूला ठेवून पान वाचले, पुस्तक माझ्या हातातून काढून घेतले आणि तसेच कपाटात ठेवून दिले. का, ते मी विचारले नाही.

भाचीने पुस्तक शनिवारी संध्याकाळी नेले आणि रविवारी सकाळी परत आणून दिले. कसे वाटले म्हणून विचारले तर म्हणाली, "ठीक आहे. थोडं जुनं आहे." ती गेल्यावर मी नववे प्रकरण उघडले. तीन ओळींच्या खाली निळ्या जेल पेनने चौथी आली होती: 'आईच्या खोलीत गादी टाकून, दिवा चालू ठेवून वाचले.' आणि शेजारी, आमच्या शिक्क्यात असे तशी, तारीख.